सुटीचा हक्क आणि सुटीचा बाजार

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पानोपानी रिसॉर्टच्या आणि मनोरंजन-उद्यानांच्या जाहिराती झळकू लागतात. निळे पाणी, हसरी मुले, त्यांच्याकडे कौतुकाने पाहणारे आईबाप. दोन रात्री, तीन दिवस, न्याहारीसह. त्या पाहून मुले हट्ट धरतात आणि आईबाप हिशेब मांडायला बसतात. पक्षसभासदांची घरे याला अपवाद आहेत असे समजण्याचे कारण नाही.

गेल्या मे महिन्यात मी माझ्या दोन मुलांना घेऊन दिल्लीलगतच्या एका मनोरंजन-उद्यानात गेलो होतो. कार्यालयात बोलता बोलता ही गोष्ट निघाली तेव्हा एक ज्येष्ठ कॉम्रेड हसत म्हणाले, "तुम्हीही तिथे गेलात? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?" टोमणा प्रेमाचा होता, पण प्रश्न खरा होता. मुलांना घेऊन दोन दिवस मौजेने घालवावेत ही इच्छा मध्यमवर्गीय चैनीत जमा करायची काय? आणि तसे नसेल, तर त्या इच्छेचा आज जो बाजार मांडला गेला आहे त्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहायचे? देशभर विखुरलेल्या मराठी वाचक-कॉम्रेडांपुढे हा प्रश्न मांडावा असे वाटले, कारण तो केवळ माझ्या घरचा नाही.

रांगेतला प्रश्न

प्रथम घडले ते सांगतो. उद्यानात मुलांचे तिकीट वयावर नव्हते, उंचीवर होते. दारापाशी रंगवलेल्या पट्टीला पाठ लावून माझ्या चार वर्षांच्या मुलाला उभे केले. तो फुकटाच्या रेषेपेक्षा चार बोटे वर भरला आणि त्याचेही तिकीट काढावे लागले. पुढे पिशव्यांची झडती झाली. पत्नीने पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि बटाट्याची भाजी दारावर ठेवून घेण्यात आली. बाहेरचे अन्न आत नेण्यास मनाई होती. रखवालदार बिचारा ओशाळून म्हणाला, "साहेब, आमचा डबाही आत जात नाही." संध्याकाळी डबा परत मिळाला तेव्हा भाजी आंबली होती. आत चौघांच्या साध्या जेवणाला जे पैसे पडले त्यात आमच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला झाला असता.

खरी गोष्ट घडली ती रांगेत. एका मोठ्या पाळण्यासाठी आम्ही सव्वा तास उन्हात उभे होतो. शेजारच्या दुसऱ्या फाटकातून मनगटावर रंगीत पट्टी बांधलेली माणसे येत होती आणि सरळ पाळण्यात जाऊन बसत होती. माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, ते आपल्यानंतर आले ना? मग आधी कसे गेले?"

"त्यांनी जास्त पैसे दिले."

"रांगेचेपण पैसे असतात?"

या प्रश्नाचे उत्तर मला तिथे देता आले नाही.

पाळण्यापाशी विशीतली एक मुलगी उभी होती. डोक्यावर चित्रविचित्र टोपी, तोंडी स्वागताचे तेच ते वाक्य. यंत्र मध्ये थोडा वेळ बंद होते तेवढ्यात तिच्याशी बोललो. ती ठेकेदाराकडे कामाला होती. गर्दीच्या दिवसांत बारा तास उभे राहावे लागे, पावसाळ्यात काम निम्म्यावर येई. तिचा मुलगा गावी आजीकडे होता. "शाळेला सुट्या लागल्यात, तो रोज फोनवर विचारतो, आई कधी येणार," ती म्हणाली. "पण सुट्या म्हणजेच आमच्या कामाचे दिवस. या दिवसांत रजा मागितली तर परत येऊ नकोस म्हणतात."

माझ्या मुलांची सुटी आणि तिच्या मुलाची सुटी एकाच आठवड्यात लागली होती. एका मुलाला आई मिळाली, ती दुसऱ्याची आई कामावर राहिली म्हणून. या लेखात जे म्हणायचे आहे त्याचे बीज याच गोष्टीत आहे.

सुटी कोणी मिळवून दिली?

मराठीत 'सुटी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदापासून झाला आहे. गिरणी सुटली, पाळी सुटली, शाळा सुटली असे आपण म्हणतो. बांधलेला माणूस सुटतो. शब्दाच्या पोटातच हा अर्थ असल्याने त्याचा इतिहास कामगार चळवळीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

रविवारची सुटी भारतीय कामगाराला सरकारच्या कृपेने मिळाली नाही, की मालकाच्या दयेनेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत ती मिळावी म्हणून सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, संघटना उभारली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेला आठवड्याची सुटी मान्य करावी लागली. पगारी रजेला आणखी अर्धशतक लागले. १९४५ च्या दुरुस्तीने ती कारखाना कायद्यात प्रथम आली आणि १९४८ च्या कायद्याने तिला पक्के रूप दिले. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढल्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस, असे तिचे प्रमाण होते. गिरणगावातला कोकणी कामगार शिमग्याला किंवा गणपतीला मुलाबाळांसह गावी जाऊ लागला, घर शाकारू लागला, म्हाताऱ्या आईपाशी चार दिवस बसू लागला, तो या रजेच्या बळावर. त्याचे रिसॉर्ट म्हणजे त्याचे गाव होते, आणि त्या चार दिवसांसाठी तो वर्षभर दिवस मोजीत असे.

जागतिक चळवळीतले याचे सर्वांत बोलके उदाहरण १९३६ च्या फ्रान्सचे आहे. त्या वर्षी मे-जूनमध्ये लक्षावधी कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेऊन संप केला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निवडणूक जिंकलेल्या लोकआघाडीच्या कार्यक्रमात पगारी सुटीची मागणी नव्हतीच. संपाच्या रेट्याने ती पुढे आली आणि २० जून १९३६ च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुटी मिळाली. क्रीडा आणि फुरसतीचे खाते सांभाळणारे लेओ लाग्रांज यांनी रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. हजारो कामगार कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. उजव्या वृत्तपत्रांनी त्या खात्याला 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणवले. पॅरिसभोवतालच्या इव्रीसारख्या कामगार उपनगरांतल्या कम्युनिस्ट नगरपालिकांनी मुलांसाठी समुद्रकाठी सुटीची शिबिरे चालवली. मुलांना समुद्र दाखवणे हे त्यांनी वर्गलढ्याबाहेरचे काम मानले नाही.

तेव्हा ज्येष्ठ कॉम्रेडांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: सुटी ही आपली मागणी आहे. मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० साली आळसाच्या हक्कावर पुस्तिका लिहिली, ती कामाची महती गाणाऱ्या मालकवर्गाला उत्तर म्हणून. आपल्या संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदातही निर्वाह-वेतनाच्या जोडीला फुरसतीचा उल्लेख आहे. जी गोष्ट लढून मिळवली तिला चैन म्हणणे म्हणजे मालकाची भाषा आपल्या तोंडी घेणे होय.

लढ्यामागून बाजार

परंतु गोष्ट इथे संपत नाही. कामगाराने वेळ मिळवला की भांडवल त्या वेळेभोवती कुंपण घालून दारावर तिकीटघर बांधते. ब्रिटनमध्ये पगारी सुटीचा कायदा १९३८ साली झाला. सुटी येणार हे हेरून बिली बटलिन याने १९३६ सालीच स्केग्नेस येथे आपले पहिले सुटी-शिबिर थाटले होते. राहणे, खाणे, खेळ, मुलांची देखभाल हे सर्व एका कुंपणात आणि एका दरात. आजच्या रिसॉर्टचा आराखडा तिथे दिसतो.

त्यानंतरचा टप्पा अमेरिकेचा. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून काढलेल्या जागेवर डिस्नेलँड उघडले. बाहेरचे जग आतून दिसू नये म्हणून त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घातला होता. तिथल्या नोकरांना 'कामगार' म्हणत नाहीत, नाटकातल्या पात्रांचे नाव देतात. हसतमुख राहणे हा कामाचाच भाग असतो. पहिल्या वर्षी प्रवेशाचे तिकीट एक डॉलर होते, खेळांची तिकिटे वेगळी. २०२४ च्या ऑक्टोबरात गर्दीच्या दिवसाचे एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या वर गेले. तिथे रांग टाळण्याची सोय १९९९ पासून सर्वांना मोफत होती. २०२१ पासून तिचे पैसे घेतले जाऊ लागले. माझ्या मुलीच्या प्रश्नाचे मूळ इथे सापडते. आजवर रांग ही बाजारातली शेवटची समान जागा होती. आधी आला तो आधी, मग तो कोणीही असो. तीदेखील विक्रीला काढली की मूल खेळता खेळता असा धडा शिकते की, पैसेवाल्याचा वेळ वेळ असतो आणि आपला वेळ उन्हात उभे राहण्यासाठी असतो.

आणि त्या बांधाच्या आत कोण काम करते? २०१८ साली तिथल्या कामगारांच्या पाहणीत दर दहांतल्या एकाहून अधिकांनी सांगितले की, मागच्या दोन वर्षांत त्यांच्यावर बेघर होण्याची पाळी आली होती. जवळजवळ तीन-चतुर्थांश कामगारांना महिन्याचा आवश्यक खर्च भागवता येत नव्हता. त्याच वर्षी अ‍ॅनाहाइमच्या मतदारांनी किमान वेतन वाढवणारा ठराव मंजूर केला. कंपनीने तो आपल्याला लागू नाही असा पवित्रा घेतला, न्यायालयात हरली आणि २०२४ साली थकलेल्या वेतनापोटी सुमारे २३ कोटी डॉलर देण्याची तडजोड तिला करावी लागली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्राण्यांचे आणि राजकन्यांचे वेष घेऊन मुलांशी हस्तांदोलन करणाऱ्या कलावंतांनी मतदान करून युनियन पत्करली. म्हणजे मुखवट्याआड कामगारच होता आणि तो कामगारासारखाच वागला. आणखी एक गोष्ट: मनोरंजन-उद्यानांच्या या मायदेशात आजही पगारी रजेची हमी देणारा राष्ट्रीय कायदा नाही. सुटीचा सर्वांत मोठा बाजार आणि सुटीचा सर्वांत तोकडा हक्क एकाच देशात नांदतात, हा योगायोग नव्हे.

आपल्याकडचे चित्र

आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली आशियाई खेळांच्या अप्पूचे नाव घेऊन अप्पूघर उघडले. ते २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आले, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका. उदारीकरणानंतर ज्यांच्या हाती चार पैसे आले त्यांची मुले तिकडे गेली. यात त्या आईबापांचा दोष काय? शहरातले मैदान इमारतीने गिळले, गावाकडचे घर भावकीच्या वादात किंवा कर्जात गेले, मामाचा गाव ओस पडला. मग मुलाने खेळावे कुठे? जागेची टंचाई आधी निर्माण होते आणि मग मोकळी जागा तासावर विकली जाते.

ज्या जमिनीवर ही रिसॉर्टे उभी आहेत तिलाही इतिहास आहे. मुळशीच्या तलावाकाठी आज पुण्या-मुंबईची कुटुंबे शनिवार-रविवार घालवायला जातात. त्याच पाण्याखाली मावळ्यांची शेते आणि गावे आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली तिथे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात 'तलावाचे रम्य दर्शन' असते. तलाव कोणाच्या घरावर आला ते नसते.

याहून विलक्षण प्रकार म्हणजे मुलांना नोकरीचा खेळ विकणारे उद्यान. मेक्सिकोत १९९९ साली निघालेली 'किडझानिया' ही कल्पना २०१३ साली मुंबईत घाटकोपरला आली. आईबाप तिकीट काढतात. आत मूल वैमानिक होते, आग विझवते, कंपन्यांच्या नावाच्या पाट्यांखाली काम करते आणि खोट्या नोटांत पगार घेते. खेळण्यासाठी काम करण्यात वाईट काही नाही. मुले भातुकलीत तेच करतात. पण भातुकलीत कंपनीची पाटी नसते. आणि याच देशात २०१६ सालच्या कायद्याने कुटुंबाच्या धंद्यात, शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्यांत, चौदा वर्षांखालील मुलाच्या कामाला मोकळीक ठेवली आहे. एक मूल सुटीत पैसे भरून कामाचा खेळ खेळते, दुसरे सुटी लागली म्हणून खरोखरच कामाला बसते.

घरातली सुटी

रिसॉर्टवर टीका करताना आपण पुरुष एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. गेल्या दिवाळीत आम्ही गावी जायचे की कुठे रिसॉर्टला, अशी चर्चा घरात निघाली तेव्हा मी साधेपणाची बाजू मांडली. पत्नी शांतपणे म्हणाली, "गावी गेले की मी आणखी दहा माणसांचा स्वयंपाक करते. तुमची सुटी ती माझी जादा पाळी असते." सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. रिसॉर्टचे खरे आकर्षण पोहण्याचा तलाव नसून आयते मिळणारे ताट आहे, हे कोणत्याही आईला विचारावे. ज्या दिवशी घरातल्या कामाची वाटणी होईल त्या दिवशी रिसॉर्टची निम्मी मोहिनी उतरेल. तोवर आपली साधेपणाची शिकवण ही बाईच्या श्रमावर केलेली काटकसर ठरते.

पत्नी एका खाजगी शाळेत कंत्राटावर शिकवते. मुलांना उन्हाळ्याची सुटी लागते तेव्हा तिचा पगार बंद होतो. ज्या महिन्यात मुलांना फिरवायला वेळ असतो त्याच महिन्यात पैसा नसतो. देशात अशा किती शिक्षिका आहेत हे वाचकांनी आपल्या आसपास मोजून पाहावे.

मागणी काय असावी?

आता कार्याकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आणलेल्या श्रमसंहितेने रजेसाठीची २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे. कागदावर ही सुधारणा दिसते. पण ज्याला पाच महिन्यांनी काढून पुन्हा नव्याने घेतले जाते त्या ठेका-कामगाराला १८० काय आणि २४० काय, सारखेच. घरी खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या तरुणाला तर कायदा कामगारच मानीत नाही. त्याने सुटी घेतली की त्याची कमाई थांबते. घरकामगार बाई दोन दिवस गावी गेली तर परतल्यावर काम शिल्लक असेलच याची खात्री नसते. म्हणून पगारी रजा सर्वांना, ठेक्याच्या आणि हंगामी कामगारांना कामाच्या दिवसांच्या प्रमाणात, ही मागणी वेतनाच्या मागणीइतक्याच ठळकपणे मागणीपत्रकात आली पाहिजे. उद्यानांत आणि रिसॉर्टांत राबणाऱ्या कामगारांची संघटना बांधणे हे त्यातले पहिले काम आहे.

दुसरी मागणी सार्वजनिक जागांची. मुंबईच्या राणीच्या बागेचे प्रवेशशुल्क २०१७ साली पाच रुपयांवरून पन्नासवर नेण्यात आले. आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला एकत्र शंभर. खाजगी उद्यानाच्या तुलनेत ते अल्प आहे, पण रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला अल्प नाही. नगरपालिकेच्या बागा, प्राणिसंग्रहालये, मैदाने, पोहण्याचे तलाव यांवर प्रत्येक मुलाचा हक्क आहे. ती ठेकेदाराच्या घशात जात असताना आपल्या शाखा गप्प राहता कामा नयेत.

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. बँक आणि विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी सुटीची घरे उभारली. त्यांचे दार त्याच कार्यालयात झाडू मारणाऱ्या ठेक्याच्या कामगारासाठी आठवड्यातून एकदा तरी उघडता येणार नाही काय? उन्हाळ्यात कामगार वस्तीतल्या मुलांची चार दिवसांची सहल-शिबिरे जिल्हा समित्यांना भरवता येणार नाहीत काय? मुलांना भाषणे देण्यासाठी हे नको, मुलांनी पाण्यात डुंबावे यासाठी हवे.

ज्येष्ठ कॉम्रेडांना मी अखेर एवढेच म्हणालो की, उद्यानात जाण्याने फरक पुसला जात नाही. पाळण्यापाशी उभी असलेली मुलगी आपल्याला दिसली की नाही, यावर तो ठरतो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग हे लिहा."

जूनमध्ये एका रविवारी मुलांना चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात नेले. छोट्या गाडीसाठी रांग होती, ऊनही तसेच होते. मुलीने पुढे-मागे वळून पाहिले आणि विचारले, "इथे दुसरी रांग नाही?" मी म्हटले, "नाही, इथे एकच." ती आपल्या भावाचा हात धरून मुकाट्याने उभी राहिली. तिला वाट पाहण्याचा कंटाळा नव्हता. तिला अन्याय कळला होता. मुलांना एवढे कळते. मोठ्यांनी त्यासाठी लढावे.